ठिपक्यांची मराठी : भारती ब्रेलपासून संगणकी लिप्यंतरापर्यंत

पनवेल नगरपालिका १८५२ साली स्थापन झाली. त्याच वर्षी ६ जानेवारीला पॅरिसमध्ये लुई ब्रेल हा अंध शिक्षक वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी क्षयाने मरण पावला. या दोन घटनांचा एकमेकींशी काही संबंध नाही. पण आज पनवेलच्या एखाद्या शाळेतला शिक्षक संगणकावर 'पनवेल' हा शब्द टाइप करतो आणि एका आज्ञेसरशी तो शब्द ठिपक्यांच्या रूपात कागदावर उमटतो, तेव्हा त्या अंध शिक्षकाचे काम आणि आपली देवनागरी यांची गाठ पडलेली असते. ही गाठ कोणी, केव्हा आणि कशी मारली, याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. तो समजला, तर ब्रेल लिप्यंतराची आज्ञावली कशी चालते आणि कुठे अडते हेही सहज समजते. म्हणून या लेखात इतिहास आणि तंत्र ही दोन्ही एकत्रच पाहू.

आधी एका शब्दाचा घोटाळा दूर करू. इंग्रजीत या आज्ञावल्यांना 'ब्रेल ट्रान्सलेटर' म्हणतात. पण येथे भाषांतर मुळीच होत नाही. मराठी मजकूर मराठीच राहतो, फक्त त्याची लिपी बदलते. म्हणून आम्ही 'लिप्यंतर' हा शब्द वापरणार आहोत. ब्रेल ही भाषा नाही, ती लिपी आहे. ही गोष्ट वर्गात पहिल्याच दिवशी सांगण्यासारखी आहे.

सहा ठिपक्यांचे घर

लुई ब्रेलचा जन्म ४ जानेवारी १८०९ रोजी पॅरिसजवळच्या कूव्रे गावी झाला. वडील खोगीर आणि चामड्याचे सामान बनवीत. तीन वर्षांचा असताना त्यांच्याच दुकानातील हत्याराने लुईच्या डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. १८१९ साली तो पॅरिसच्या अंध मुलांच्या शाळेत दाखल झाला. तेथील पुस्तकांत नेहमीचीच रोमन अक्षरे उठावदार छापलेली असत. ती डोळ्यांना चटकन कळत, बोटांना मात्र फार सावकाश कळत.

शार्ल बार्बिए या सैन्यातील माणसाने अंधारात संदेश वाचता यावेत म्हणून बारा ठिपक्यांची एक लिपी तयार केली होती. ती या शाळेत पोहोचली. बारा ठिपके बोटाच्या एका टोकाखाली मावत नाहीत, हे लुईच्या लक्षात आले. त्याने ते सहावर आणले. १८२४ साली, म्हणजे पंधराव्या वर्षी, त्याची रचना तयार झाली आणि १८२९ मध्ये ती पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली.

सहा ठिपक्यांचे हे घर दोन उभ्या रांगांचे असते. डाव्या रांगेत वरून खाली १, २, ३ आणि उजव्या रांगेत ४, ५, ६. प्रत्येक ठिपका एकतर उठलेला असतो किंवा नसतो. म्हणून दोनचा सहावा घात, म्हणजे ६४ रचना होतात. त्यातील कोरे घर सोडले, तर ६३ खुणा हाताशी उरतात. संगणकाच्या भाषेत सांगायचे तर ही सहा बिटांची लिपी आहे, आणि ती संगणकाच्या शंभरहून अधिक वर्षे आधीची आहे.

या लिपीला सहज मान्यता मिळाली नाही. १८४० नंतर काही वर्षे त्याच शाळेत तिच्यावर बंदी होती. डोळस शिक्षकांना ती वाचता येत नव्हती, हे विरोधाचे एक मोठे कारण होते. मुले मात्र ती चोरून शिकत राहिली. फ्रान्सने तिचा अधिकृत स्वीकार केला तो १८५४ साली, लुईच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. 'लिपी कोणाच्या सोयीची असावी, वाचणाऱ्याच्या की शिकवणाऱ्याच्या?' हा त्या वेळचा प्रश्न पुढे आपल्याला पुन्हा भेटणार आहे.

एका देशात अनेक ब्रेल

भारतातील अंधांची पहिली शाळा १८८७ साली अमृतसरला ॲनी शार्प या मिशनरी बाईंनी काढली. मुंबईत १९०० साली अमेरिकन मिशनच्या ॲना मिलार्ड यांनी शाळा सुरू केली. तीच आजची दादरची अंधशाळा. त्यानंतर दोनच वर्षांनी ताडदेवची व्हिक्टोरिया मेमोरियल अंधशाळा निघाली.

शाळा निघाल्या, पण लिपी कोणती? रोमन अक्षरे सव्वीस. आपल्याकडे स्वर, व्यंजने, काना-मात्रा, अनुस्वार-विसर्ग आणि शेकडो जोडाक्षरे. शिवाय प्रत्येक प्रांताची लिपी वेगळी. मग ज्याने त्याने आपापल्या परीने तोड काढली. कोलकात्याला लालबिहारी शाह यांची बंगालीसाठीची पद्धत, मुंबई-गुजरातकडे डॉ. नीलकंठराय छत्रपती यांची पद्धत, नोल्स व गार्थवेट यांची 'ओरिएंटल ब्रेल', उत्तरेकडे शिरेफ यांची पद्धत, दक्षिणेत आणखी वेगळी. एका शाळेत छापलेले पुस्तक दुसऱ्या शाळेतील मुलाच्या बोटांना निरर्थक वाटे. आधीच ब्रेल पुस्तके थोडी, त्यात त्यांचे असे तुकडे पडलेले.

१९४० नंतरच्या दशकात सरकारी समितीने सर्व भारतीय भाषांसाठी एकच ब्रेल आखून पाहिली. पण तिच्यात लुई ब्रेलने दिलेल्या मूळ अक्षरमूल्यांपासून फारकत होती. मराठी शिकलेल्या मुलाला इंग्रजीसाठी त्याच ठिपक्यांचे दुसरेच अर्थ पाठ करावे लागले असते. यावर मतभेद झाले. १९४९ साली भारत सरकारने हा प्रश्न युनेस्कोपुढे ठेवला. युनेस्कोने या कामासाठी सर क्लुथा मॅकेन्झी यांना सल्लागार नेमले. ते न्यूझीलंडचे, १९१५ साली गॅलिपोलीच्या लढाईत त्यांची दृष्टी गेली होती, आणि दुसऱ्या महायुद्धाच्या काळात भारतातील अंधांच्या प्रश्नावर त्यांनी काम केलेले होते.

मार्च १९५० मध्ये पॅरिसला आणि फेब्रुवारी १९५१ मध्ये बैरुतला परिषदा झाल्या. तेथे जे तत्त्व ठरले ते साधे होते : आपल्या अक्षराचा उच्चार रोमन अक्षराशी जुळत असेल, तर त्याला लुई ब्रेलचीच मूळ खूण द्यायची, उरलेल्या अक्षरांना उरलेल्या खुणा वाटायच्या, आणि सगळ्या भारतीय भाषांत समान ध्वनीला समान खूण ठेवायची. यातून १९५१ साली 'भारती ब्रेल' सिद्ध झाली. त्याच वर्षी डेहराडूनला केंद्रीय ब्रेल मुद्रणालय सुरू झाले, आणि १९५२ मध्ये मुंबईत नॅशनल असोसिएशन फॉर द ब्लाइंड ही संस्था उभी राहिली.

'पनवेल' पाच घरांत

आता तत्त्व प्रत्यक्षात पाहू. प = १-२-३-४, न = १-३-४-५, व = १-२-३-६, ए = १-५, ल = १-२-३. ही पाच घरे ओळीने मांडली की 'पनवेल' झाले. इंग्रजी ब्रेल जाणणाऱ्याने यावर बोट फिरवले, तर तो पी, एन, व्ही, ई, एल असे वाचील. फक्त पहिल्या पी नंतरचा ए येथे नाही, कारण 'प' मधला 'अ' आपण देवनागरीतही वेगळा लिहीत नाही. एका शब्दात भारती ब्रेलचे सारे धोरण दिसते.

ज्यांना रोमन जोडीदार नाही त्या अक्षरांतही कल्पकता आहे. इंग्रजी ब्रेलमध्ये एसएच, टीएच, सीएच, जीएच या जोड्यांसाठी एकेका घराच्या संक्षेपखुणा होत्या. त्याच अनुक्रमे श (१-४-६), थ (१-४-५-६), छ (१-६) आणि घ (१-२-६) यांना दिल्या गेल्या.

मोठी काटकसर स्वरांत झाली. स्वतंत्र स्वर आणि त्याचे चिन्ह यांना एकच खूण. म्हणजे 'ए' आणि मात्रा यांचे घर एकच, 'इ' आणि वेलांटी यांचे एकच. पण यामुळे एक पेच येतो. 'मू' म्हणजे म आणि ऊ. मग 'मऊ' कसे लिहायचे? तेही म आणि ऊच! त्यावर उपाय असा, की 'मऊ' लिहिताना मध्ये 'अ' (ठिपका १) उघड लिहायचा : १-३-४, मग १, मग १-२-५-६. 'मू' मध्ये तो नसतो.

जोडाक्षरांचा प्रश्न याहून मोठा होता. प्रत्येकाला खूण द्यायला ६३ घरे कुठून पुरणार? म्हणून फक्त हलन्ताला एक खूण दिली, ठिपका ४. मात्र ती पायमोडक्या व्यंजनाच्या आधी येते. कागदावर पाय मोडतो तो अक्षराच्या शेवटी. बोटाला मात्र 'पुढचे अक्षर अर्धे आहे' ही सूचना आधी मिळते. 'विद्या' असे लिहितात : व, इ, हलन्त, द, य, आ. क्ष (१-२-३-४-५) आणि ज्ञ (१-५-६) यांना मात्र स्वतंत्र घरे आहेत.

यंत्राला ब्रेल शिकवणे

ब्रेल लिहिण्याचे जुने साधन म्हणजे पाटी आणि टोचणी. कागद मागून टोचायचा असल्याने उजवीकडून डावीकडे, उलटे लिहावे लागते. सहा कळांचा पर्किन्स ब्रेलर अमेरिकेत १९५१ मध्ये बाजारात आला आणि ते काम सोपे झाले. तरीही ब्रेल येणारा माणूस लागतच होता, आणि एकेक पुस्तक हाताने लिहायला महिने जात.

संगणकाने ब्रेल करून पाहण्याचे प्रयत्न अमेरिकेत १९५० ते ७० च्या दरम्यान झाले. तेथे अडचण होती संक्षेपांची. पूर्ण इंग्रजी ब्रेलमध्ये दीडशेहून अधिक संक्षेप आहेत. एसएच या जोडीला एक घर आहे खरे; पण 'मिसहॅप' या शब्दात एस एका घटकाचा आणि एच दुसऱ्याचा असल्याने तेथे संक्षेप चालत नाही. यंत्राला हे कसे कळणार? त्यासाठी नियमांबरोबर अपवादांचे लांबलचक तक्ते द्यावे लागले. १९७० च्या सुमारास कोबोल भाषेत लिहिलेली 'डॉटसिस-३' ही त्यातली महत्त्वाची आज्ञावली. १९७५ साली स्थापन झालेल्या डक्सबरी कंपनीची आज्ञावली पुढे जगभर पसरली. २००२ मध्ये जॉन बॉयर यांनी 'लिब्लुई' या मुक्त आज्ञावलीचे काम सुरू केले. तिचे नाव लुई ब्रेलवरूनच आहे. तिच्यात मराठीचाही तक्ता आहे, आणि 'एनव्हीडीए' हा विनामूल्य पडदावाचक ब्रेलसाठी तिचाच आधार घेतो. भारतात खरगपूरच्या आयआयटीने भारतीय भाषांसाठी 'स्पर्श' ही लिप्यंतर प्रणाली तयार केली.

मराठीचे काम इंग्रजीच्या मानाने सोपे आहे, कारण आपले लेखन बरेचसे नियमबद्ध आहे. पण त्याचे श्रेय १९५१ च्या निर्णयालाही आहे. १९९१ साली भारतीय मानक संस्थेने 'इस्की' ही संगणकीय संकेतावली ठरवली. तिच्यात सर्व भारतीय लिप्यांतील 'क' ला एकच संकेतांक होता. पुण्याच्या सी-डॅकच्या 'जिस्ट' तंत्राचा पाया हाच. युनिकोडची देवनागरीची मांडणीही इस्कीच्या आधीच्या आवृत्तीवरून घेतलेली आहे. 'लिप्या अनेक, पण वर्णव्यवस्था एक' हे सूत्र अंधांसाठी काम करणाऱ्यांनी संगणकवाल्यांच्या चाळीस वर्षे आधी वापरले होते. भारती ब्रेल नसती, तर प्रत्येक भाषेसाठी, कदाचित प्रत्येक शाळेसाठी, वेगळी आज्ञावली लागली असती.

आज्ञावली कशी चालते?

तिच्या पोटात एक तक्ता असतो : डावीकडे अक्षर, उजवीकडे ठिपके. आज्ञावली मजकूर डावीकडून वाचत जाते आणि प्रत्येक जागी तक्त्यातील सर्वांत लांब जुळणारा तुकडा घेते. हे 'सर्वांत लांब' का, ते 'शिक्षक' या शब्दावरून पाहा. संगणक 'क्ष' साठवतो तो क, हलन्त, ष असा. आज्ञावलीने नुसता 'क' उचलला, तर क्ष चे स्वतंत्र घर उमटणारच नाही. आधी 'क्ष' जुळतो का हे पाहिले, तर श, इ, क्ष, क अशी चार घरे बरोबर येतात.

दुसरा नियम हलन्ताचा. पनवेलजवळच्या 'कर्नाळा' किल्ल्याचे नाव घेऊ. कागदावर रफार 'ना'च्या डोक्यावर दिसतो. युनिकोडमध्ये क्रम असतो क, र, हलन्त, न, आ, ळ, आ. ब्रेलमध्ये हवा तो क, हलन्त, र, न, आ, ळ, आ. म्हणजे घरे सातच, फक्त दोहोंची अदलाबदल. ही अदलाबदल आज्ञावलीने न चुकता करायची असते.

तिसरा नियम 'मऊ'चा : पूर्ण व्यंजनानंतर स्वतंत्र स्वर आला, तर मध्ये 'अ' घालायचा. चौथा आकड्यांचा. आकड्यांना वेगळी घरे नाहीत. अंकचिन्ह (३-४-५-६) देऊन पुढे रोमन ए ते जे या अक्षरांची घरे लिहितात. १८५२ म्हणजे अंकचिन्ह, मग १, १-२-५, १-५, १-२. गंमत अशी, की हे अंकचिन्ह आणि 'ण' यांचे घर एकच आहे. मराठीत सहसा कोणताही शब्द 'ण' ने सुरू होत नाही, म्हणून गोंधळ होत नाही. तसेच उद्गारचिन्ह आणि 'फ' (२-३-५) यांचे. डोळस माणसाला हे विचित्र वाटते, पण सरावलेले बोट संदर्भाने वाचते, जसे आपण 'चहा' आणि 'चमचा' यांतील च संदर्भाने वेगवेगळे वाचतो.

यानंतर ओळी तोडणे, पाने पाडणे, शीर्षके मांडणे ही कामे होतात आणि मजकूर ब्रेल छपाईयंत्राकडे जातो. गणिताची चिन्हे हा वेगळा प्रांत आहे. त्यासाठी अब्राहम नेमेथ या अंध गणितज्ञाने तयार केलेली, १९५२ मध्ये प्रसिद्ध झालेली नेमेथ संकेतावली आहे, आणि आज्ञावलीला ती वेगळी सांगावी लागते.

कुठे अडते?

शिक्षकांच्या दृष्टीने हा सर्वांत महत्त्वाचा भाग. १९९० नंतर मराठी शाळांतील प्रश्नपत्रिका, टिपणे, स्मरणिका यांचा फार मोठा साठा श्रीलिपी, आकृती यांसारख्या फॉन्टांत झाला. त्यांत अक्षराचा अर्थ साठवलेला नसतो, दिसणारा आकार साठवलेला असतो. 'वि' मधली वेलांटी व च्या आधी, 'कर्नाळा'तला रफार 'ना'च्या नंतर. पडद्यावर सारे उत्तम दिसते, पण लिप्यंतराच्या आज्ञावलीला तो मजकूर म्हणजे रोमन अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी वाटते. आधी तो युनिकोडमध्ये बदलून घ्यावा लागतो, आणि त्या बदलात रफार व वेलांट्या हटकून चुकतात. म्हणून आमचा आग्रह असा, की नवे जे काही टाइप कराल ते युनिकोडमध्येच करा. त्याला जास्तीचा खर्च नाही.

दुसरी अडचण 'दर्या' आणि 'दऱ्या' यांसारख्या जोड्यांची. एक समुद्र, दुसऱ्या डोंगरातल्या. तक्त्यात 'ऱ' ला वेगळी वागणूक नसेल, तर दोन्ही शब्द एकसारखे उमटतील आणि भूगोलाच्या प्रश्नाचा अर्थच बदलेल. तिसरी चित्रांची. 'आकृतीचे निरीक्षण करा' हे वाक्य आज्ञावली निमूटपणे ब्रेलमध्ये देते. आकृती देत नाही. ती उठावदार करायची की शब्दांत सांगायची, हे शिक्षकालाच ठरवावे लागते.

आता पॅरिसच्या त्या जुन्या प्रश्नाकडे येऊ. तेथे शिक्षकांना ब्रेल वाचता येत नव्हती म्हणून ती नाकारली गेली. आज शिक्षकाला ब्रेल येत नसली तरी चालते, यंत्र लिहून देते. ही प्रगती आहेच. पण तिच्यात एक धोका आहे : जे आपल्याला वाचताच येत नाही, ते बरोबर आहे असे आपण गृहीत धरतो. चूक झाली, तर ती पहिल्यांदा कळते परीक्षेला बसलेल्या मुलाच्या बोटांना, आणि तेव्हा सुधारायला वेळ नसतो. म्हणून छापलेला मजकूर ब्रेल वाचणाऱ्या व्यक्तीकडून तपासून घेणे ही शेवटची पायरी कोणत्याही आज्ञावलीने रद्द केलेली नाही. स्वागत थोरात यांनी २००८ मध्ये सुरू केलेल्या 'स्पर्शज्ञान' या मराठी ब्रेल पाक्षिकाने दाखवून दिले, की मराठी ब्रेलचे वाचक आहेत. गरज आहे ती त्यांना मुद्रितशोधक म्हणून विचारण्याची.

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अठरा वर्षांपर्यंतच्या दिव्यांग विद्यार्थ्यांना पुस्तके व शैक्षणिक साहित्य विनामूल्य देण्याची जबाबदारी शासनावर टाकली आहे. पण चाचणी परीक्षेचा कागद, सहलीची सूचना, फळ्यावर लिहिलेला सुविचार या गोष्टी कोणतेही मुद्रणालय छापून पाठवणार नाही. त्या शाळेतच व्हायला हव्यात.

वर्गात करून पाहा

जाड कागदावर सहा ठिपक्यांची घरे काढा. या लेखात दिलेल्या खुणा वापरून मुलांना 'पनवेल', 'कर्नाळा', 'शिक्षक' आणि '१८५२' लिहायला सांगा. मग कागद उलटा करून, घरे उजवीकडून डावीकडे घेत, बोथट टोचणीने ठिपके उठवायला लावा. कोणाला उलटे लिहिणे जड जाते, कोण हलन्त मागे टाकतो, ते पाहा. नंतर दोन गट करा. एकाने आज्ञावली व्हायचे : समोरच्या गटाने दिलेला शब्द केवळ लिहून ठेवलेल्या नियमांनीच लिप्यंतरित करायचा, स्वतःची अक्कल वापरायची नाही. दुसऱ्या गटाने असा शब्द शोधायचा, की ज्यात ते नियम चुकतील. 'सई', 'स्त्री', 'ज्ञान', 'दऱ्या' यांपासून सुरुवात करता येईल. सापडलेल्या प्रत्येक चुकीसाठी नियम कसा सुधारावा, हे मुलांनीच सांगायचे. आज्ञावली लिहिणारेही रोज हेच करतात. वर्गात ब्रेल वाचणारा विद्यार्थी असेल, तर या खेळातला परीक्षक अर्थातच तो.